ओमारूचं ट्रेनिंग रेकॉर्ड

चहा घ्या आधी, मग सांगतो. हातात कप असलेला बरा, नाहीतर ऐकून तुम्ही मला मारायला उठाल. मी असा काही गाढवपणा करून बसलोय की चाकणला आमच्या कंपनीच्या गेटवरचा वॉचमनसुद्धा मला बघून गालातल्या गालात हसतो!

'सूर्यसाखळी' तुम्ही पाहिली असेल. नसेल तरी बिघडत नाही. नऊ सिनेमे, त्यात तारे, यानं, लढाया, आणि पार टोकाच्या एका ओसाड ग्रहावर शेवटच्या सूर्याचा दिवा सांभाळत बसलेला म्हातारा गुरू, ओमारू. एवढंच ध्यानात ठेवा.

पहिला भाग मी पप्पांच्या मांडीवर बसून पाहिला होता. पप्पा फर्स्ट शिफ्ट करून थेट थिएटरला आले होते. ओमारूनं तो दिवा पहिल्यांदा उचलला आणि अख्खं थिएटर सोनेरी झालं. मी वर बघितलं तर पप्पांचा चेहराही सोनेरी! आजही तो उजेड आठवला की अंगावर काटा येतो. खोटं नाही सांगत.

तर नववा, म्हणजे शेवटचा भाग आला. मी आणि आमच्या मेंटेनन्सचा गणेश, लातूरकडचा गडी, दोघांनी रजा टाकून सकाळचा पहिला शो गाठला. तीन तास पापणी हलवली नाही आम्ही. काय ते ग्रह, काय त्या लढाया! माणसाच्या डोक्यातून हे निघतं कसं, असं वाटत होतं.

आणि शेवट? ओमारूची शिष्या रायना युद्ध जिंकून परत निघालीय. दिवा जळतोय. आणि हा म्हातारा गपचूप उठतो आणि दाराबाहेर अंधारात चालायला लागतो. संपला सिनेमा! निरोप नाही, शब्द नाही, काही म्हणजे काही नाही!

आम्ही पार्किंगमध्येच भांडायला लागलो.

"आरं, त्यो सहाव्या भागातच मेलता की," गणेश म्हणाला. "हे त्याचं भूत हाय बघ."

"भूत दिव्यात तेल घालतं का रे?"

"मग दहावा भाग काढायचा आसंल त्यान्ला."

"नववा शेवटचा म्हणून सांगितलंय राव!"

आमच्या फॅन ग्रुपवर तर रणधुमाळी. कुणी म्हणे ओमारू फितूर झाला, कुणी म्हणे दिग्दर्शकाचं डोकं फिरलं. इतकी वर्षं वाट बघायची आणि हातात भोपळा! मला दोन दिवस जेवण गोड लागेना.

आता माझी नोकरी काय ते सांगतो, कारण सगळा घोळ तिथंच आहे. आमच्या कंपनीत गाड्यांच्या दारांचे हिंज, म्हणजे बिजागऱ्या, बनतात आणि मी क्वालिटीत, ट्रेनी म्हणून. एखादा माल खराब निघाला की आम्ही एक ठरलेला फॉर्म भरतो. त्यात पाच वेळा 'का' विचारायचं. का तुटला? मग तसं का झालं? असं खणत खणत पाचव्या 'का'ला मूळ कारण सापडतं म्हणे. आमच्याकडे ते कायम एकच सापडतं: 'ऑपरेटरला ट्रेनिंग नव्हतं.' हे लिहिलं की साहेब खूश, फाईल खूश.

तर लंच टाइममध्ये मी काय केलं? सगळा राग त्या फॉर्मवर काढला! दोष: 'नवव्या टप्प्याच्या शेवटी ऑपरेटर ओमारू चालू दिवा सोडून निघून गेला.' का गेला? कंटाळला होता. का कंटाळला? बदली माणूस आला नव्हता. असं करत पाचवा का: 'हँडओव्हर कसा द्यायचा याचं ऑपरेटरला ट्रेनिंग नव्हतं.' प्रिंट काढली, गणेशला दाखवली. तो डबा खाताखाता ठसकेपर्यंत हसला. तिथंच कागद फाडला असता तर? पण नाही! मी तो टेबलावरच्या ट्रेमध्ये टाकला.

पुढच्या आठवड्यात कस्टमरचं ऑडिट होतं. ते साधंसुधं नव्हतं हो. त्यावर कंपनीची नवी ऑर्डर होती आणि माझं कन्फर्मेशन. दोन वर्षं ट्रेनी म्हणून घासत होतो. एचआरचे शिंदे सर म्हणाले होते, "सिद्धार्थ, ऑडिट नीट पार पडू दे, तुझं लेटर टाइप करून ठेवलंय." आईनं तर आख्ख्या संत तुकाराम नगरात सांगून टाकलं होतं, आमचा पोरगा पर्मनंट होतोय म्हणून!

ऑडिटच्या आधी फाईल जरा बारीक वाटली. मग ट्रेमधले होते नव्हते ते सगळे फॉर्म मोठ्या साहेबांपुढे सहीला ठेवले. आमचे मोठे साहेब वाचत नाहीत, सहीची चौकट शोधतात. चौकट दिसली की सही! मीही वाचलं नाही. पंच मारला, फाईलला लावलं, घरी गेलो.

ऑडिटला आल्या नाईक मॅडम. पिकलेले केस, सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज. फाईल चाळता चाळता एका पानावर थांबल्या. सावकाश वाचलं. मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "हा ओमारू कोण?"

लंच टाइममधला तोच कागद!

मी तोंड उघडणार तेवढ्यात मोठ्या साहेबांना कागदावर स्वतःची सही दिसली. टेबलाखाली त्यांचा बूट माझ्या पायावर. "ओमारू ना? आहे आहे. चांगला ऑपरेटर आहे."

"आणि दिवा?"

"तपासणीचा दिवा मॅडम. दिव्याशिवाय तपासणी कशी होणार?"

"बोलवा त्यांना."

आता? तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण डोळ्यांपुढे ते टाइप केलेलं लेटर आलं आणि मीही मान डोलावली.

आमच्याकडे ज्या माणसाचा पत्ता लागत नाही तो ठेकेदाराचा असतो. म्हणून तापकीर शेठना बोलावलं. हे चाकणचेच, जुन्या घरातले, कंपनीला माणसं पुरवतात. आत आले, सगळ्यांची तोंडं बघितली आणि क्षणात सगळं समजल्यासारखे बोलले, "व्हय, ओमारू आमचाच हाय. लई इमानदार गडी. पर आज न्हाई आला. गावाला गेलाय."

"कुठलं गाव?"

"लई लांब हाय मॅडम. तितवर गाडी जात न्हाई."

ही एकच गोष्ट त्या खोलीत खरी होती!

"ट्रेनिंग रेकॉर्ड?"

"आहे ना!" शिंदे सर उठलेच. "दहा मिनिटांत आणतो."

आणि आणलं की हो! मी हात जोडायचा तेवढा बाकी होतो. नऊ सिनेमांत जे कुणाला जमलं नाही ते शिंदे सरांनी दहा मिनिटांत केलं. ओमारूला आडनाव दिलं! 'ओमारू बबन शेलार.' विभाग, तारखा, मार्क, सगळं जागच्या जागी. कॉम्प्युटरमध्ये नावसुद्धा चढवून आले. हवेतून माणूस उभा केला राव! मी क्षणभर विसरलोच की बुडतोय तो मीच.

मॅडमनी रेकॉर्ड वाचलं. "ट्रेनिंग तर पूर्ण दिसतंय. उत्तम मार्क आहेत. मग मूळ कारण 'ट्रेनिंग नव्हतं' कसं?"

साहेबांनी शिंदे सरांकडे बघितलं, शिंदे सरांनी माझ्याकडे.

"अहवाल कोणी लिहिला?"

मी उभा राहिलो.

"बदली माणूस आला नव्हता असं लिहिलंयत. तुम्ही नीट पाहिलंत? शेवटच्या दृश्यात दिव्यासमोर जमिनीवर सावल्या किती होत्या?"

माझा आ वासला तो वासलाच. "ए… एक?"

"दोन," मॅडम म्हणाल्या. "तीनदा पाहिलाय मी. रायना दारात उभी होती. त्यानं तिची सावली पाहिली आणि मगच उठला. बदली आल्याशिवाय त्यानं जागा सोडली नाही. नऊ भाग शिकवत होता तो तिला. शिकवून झालं, म्हणून गेला. आता अजून काय बोलायचं राहिलं होतं? चूक त्या माणसाची नाही, तुमच्या तपासणीची आहे."

काय सांगू तुम्हाला! भर ऑडिटमध्ये माझे डोळे भरून आले. तो शेवटचा सीन डोळ्यांपुढे पुन्हा सुरू झाला आणि या वेळी ती दुसरी सावली मला स्पष्ट दिसली. पप्पा रिटायर झाले तो दिवस आठवला. मशीनवर नवा माणूस येऊन उभा राहिला, तसे पप्पांनी हात पुसले आणि कुणाला काही न बोलता घरी आले. मी तेव्हाही चिडलो होतो, निरोप समारंभ का नाही घेतलात म्हणून! पप्पा नुसते हसले होते. इतकी वर्षं ज्या सिनेमाचा मी स्वतःला पंडित समजत होतो, तो मला सुती साडीतल्या एका बाईंनी चार वाक्यांत दाखवला. पाया पडावंसं वाटलं.

मोठे साहेब माझ्या कानाशी पुटपुटले, "आपल्या शॉपवर सावल्या कुठल्या रे?"

आता राहवेना. "माफ करा मॅडम. ओमारू सिनेमातला आहे. मीच चेष्टेत लिहिलं आणि न वाचता फाईलला लावलं."

साहेब गोंधळून तापकीर शेठकडे वळले. "मग गावाला कोण गेलंय?"

शेठनी छताकडे बघितलं.

मॅडमनी रेकॉर्ड उजेडात धरलं आणि नावाच्या जागी नखानं खरवडलं. पांढरा रंग निघाला. खालून अक्षरं वर आली: सिद्धार्थ.

शिंदे सरांनी घाईत हाताला लागलेलं माझंच रेकॉर्ड घेऊन त्यावर व्हाइटनर मारला होता!

"म्हणजे," मॅडम पेन उघडत म्हणाल्या, "हा अहवाल लिहिणाऱ्याचं ट्रेनिंग रेकॉर्ड आज कंपनीकडे नाही." आणि शेऱ्यात लिहिलं, दोष: न वाचता अहवाल लावला. मूळ कारण: ट्रेनिंग नव्हतं.

ऑर्डर महिनाभर लटकली. साहेबांनी लेखी माफी मागितली, पुन्हा ऑडिट झालं, तेव्हा कुठे ती मिळाली. आता साहेब प्रत्येक कागद वाचून सही करतात, त्यामुळे सगळी कंपनी माझ्यावर डूख धरून आहे. माझं लेटर फाटलं. सध्या नव्या पोरांबरोबर मागच्या बाकावर बसून पहिल्यापासून ट्रेनिंग घेतोय. आईला काय सांगितलं ते विचारू नका.

परवा नोटीस बोर्डावर यादी लागली. एकदा कॉम्प्युटरमध्ये चढलेलं नाव आमच्याकडे कुणाच्या बापाला काढता येत नाही. त्यामुळे वर, 'ट्रेनिंग पूर्ण' खाली पहिलंच नाव: ओमारू बबन शेलार. आणि तळाशी, 'ट्रेनिंग बाकी': सिद्धार्थ.

मी यादी पुन्हा पुन्हा वाचली. मागून गणेशनं खांद्यावर हात ठेवला.

"वाईट कशाला वाटून घेतूस गड्या? त्यो गुरू हाय. वरच आसणार की!"