श्रावणात घामेजलेलं छत

लग्न होऊन मी अमरावतीहून अकोल्याला आले, तेव्हा मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. मी प्राथमिक शाळेत शिकवायची. माझे यजमान एका ठेकेदाराकडे इंजिनियर होते. दर्यापूरकडच्या त्यांच्या गावात, आमच्या बौद्ध वस्तीतून एवढं शिकलेले ते पहिलेच. सुट्टीत गावी गेलो की माणसं नुसती त्यांना पाहायला यायची. म्हातारे त्यांच्या शर्टाच्या बाहीवरून हात फिरवायचे. घरी आल्यावर ते म्हणायचे, "मले भीती वाटते. एखादं काम बिघडलं तं एवढ्या सगळ्यायचं बिघडते."

साठ सालानंतरची ही गोष्ट आहे. शहरातल्या कापसाच्या व्यापाऱ्यांनी समिती करून एक सभागृह बांधायला घेतलं आणि काम यजमानांच्या ठेकेदाराकडे आलं. उन्हाळ्यात तिथं लोकांनी बसायचं कसं, हा प्रश्न होता. वाळ्याच्या ताट्या लावल्या तर त्यांच्यावर दिवसभर पाणी मारायला माणूस हवा. पंखे लावले तर वैशाखात ते गरमच हवा फिरवतात. कॉलेजात असताना यजमानांनी परदेशी मासिकात काहीतरी वाचलं होतं, ते त्यांनी समितीपुढे मांडलं. छताखाली पातळ पत्रे बसवायचे, पत्र्यांच्या पाठीला लोखंडी नळ्या घट्ट आवळायच्या आणि त्यांतून विहिरीचं पाणी खेळवायचं. पत्रे गार झाले की खाली बसलेल्या माणसाच्या अंगातली उष्णता ते ओढून घेतात.

मला हे काही पटेना. तेव्हा त्यांनी मला घरातल्या रांजणापाशी नेलं.

"हात लावू नको. नुसता जवळ ने."

मी तळवा जवळ नेला.

"थंड लागते का?"

"लागते."

"वारं हाय का?"

"नाही."

"बस. तेच मले छताले कराचं हाय."

वैशाखात पहिल्यांदा पंप चालू करून पाहिला. समितीचे अध्यक्ष सरकीचे मोठे व्यापारी होते. भर दुपारी ते आत येऊन बसले. थोड्या वेळानं त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि वर पाहत म्हणाले, "आवाज नाही, वारा नाही, अन् तरी बरं वाटतं." यजमान घरी आले ते शिट्टी वाजवत. त्यांना शिट्टी येते हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

उद्घाटन तेव्हाच व्हायचं होतं, पण मोठ्या पाहुण्यांना सवड मिळेना. पुढे ढकलत ढकलत ते श्रावणावर गेलं. आदल्या संध्याकाळी यजमान उतरलेल्या तोंडानं घरी आले. अध्यक्षांनी नळ्यांना पाणी पुरवणाऱ्या टाकीत बर्फाच्या लाद्या सोडायला सांगितल्या होत्या. पाहुण्यांना आत पाऊल टाकताच गारवा जाणवला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

"मग?"

"मी सांगितलं, पावसाळ्यात हवा ओली असते. एवढं थंड पाणी सोडलं तं पत्र्याले घाम येईन. थंड गिलासाले बाहेरून पाणी सुटते, तसं."

"ते काय म्हणाले?"

"म्हणे, बर्फ सांगून ठेवला हाय, आता मोडता घालू नका."

"मग तुम्ही पुन्हा काहून नाही सांगितलं?"

ते बूट सोडत होते. वर न पाहता म्हणाले, "हो म्हटलं मी."

उद्घाटनाला गावाहून मामाजी, म्हणजे माझे सासरे, आणि वस्तीतली बरीच माणसं एसटीनं आली. सगळे धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत. ती शेवटच्या दोन रांगांत बसली, मीही त्यांच्यातच. यजमानांना व्यासपीठावर कडेची खुर्ची दिली होती. ते दिसताच आमच्या रांगांमधून हळूच एकमेकांना बोटं दाखवली गेली.

सभागृह भरलं. बाहेर झड लागलेली, माणसं भिजून आलेली, दारं बंद. गारवा मात्र खरंच सुरेख होता. पाहुणे बोलायला उभे राहिले आणि त्यांच्या हातातल्या कागदावर थेंब पडला. त्यांनी तो झटकला. मग दुसरा. मग पुढच्या रांगांतली माणसं डोकं चाचपू लागली. पत्र्यांना पांढरा रंग नुकताच दिलेला. तो पाण्याबरोबर सुटून खाली येऊ लागला. काळ्या कोटांवर, बायकांच्या ठेवणीतल्या लुगड्यांवर पांढरे ओघळ उमटले.

अध्यक्षांनी हसत माईक हातात घेतला. "आमच्या इंजिनियरांनी श्रावण आतसुद्धा आणला," ते म्हणाले. सगळे हसले. मधल्या रांगेतून कोणीतरी, आम्हाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, बोललं, "काम कोणाच्या हातात दिलं होतं ते पाहाचं होतं ना आधी."

यजमान उभे राहिले. मला वाटलं, आता बर्फाचं सांगतील. त्यांनी हात जोडले. "माझी चूक झाली. माफी असावी," म्हणाले आणि खाली बसले.

इतक्यात मामाजी उठले. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, पुढे गेले आणि थेंब चुकवायला उठलेल्या पाहुण्यांच्या खुर्च्या पुसायला लागले. एक झाली की दुसरी. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. आणि कोणी थांबवलंही नाही. एका गृहस्थांनी तर बसता बसता आपल्या खुर्चीचा हात दाखवला, इथंही पूस म्हणून.

मी धावतच गेले. "मामाजी, राहू द्या. चला, बसा."

"पोराचं काम हाय बाई," ते म्हणाले. "खराब झालं तं आपणच पुसा लागते."

मी वर पाहिलं. यजमान आमच्याकडेच पाहत होते. मग त्यांनी मान फिरवली. त्या क्षणी माझा चेहरा तापला. मामाजींची लाज वाटली, यजमानांची वाटली, की त्या भरल्या सभेची, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. तिन्ही असावं.

नंतर कितीतरी दिवस यजमान बाजारात गेले नाहीत. भाजी मीच आणायची. गावी गेलो तेव्हा वस्तीतल्या एका वडीलधाऱ्या माणसानं विचारलंच. यजमानांनी बर्फाचं सारं सांगितलं. म्हातारा ऐकून घेऊन म्हणाला, "हे तिथं माईकवर सांगाचं होतं. इथं सांगून का फायदा?" मामाजी बाजूलाच बसले होते. ते उठून बैलांकडे गेले.

उन्हाळा तोंडावर आला आणि समितीनं पंपासाठी बोलावलं. यजमान गेले, आणि बैठकीतच उभे राहून म्हणाले, "पंप चालू करतो. पण त्या दिवशी बर्फ टाकू नका म्हणून मी सांगितलं होतं. पत्रे त्यानं गळले."

अध्यक्ष म्हणाले, "जुनं कशाला उकरता?"

एका वकिलांनी विचारलं, "मग त्याच दिवशी का नाही बोललात?"

"भीती वाटली," यजमान म्हणाले.

इतिवृत्तात त्यातलं काही आलं नाही, माफी तर कोणी मागितली नाहीच. पंप सुरू झाला. विहिरीच्या नुसत्या पाण्यावर छत कोरडं राहिलं आणि कडक उन्हात माणसं तिथं सुखानं बसली. अध्यक्ष बाहेरून आलेल्या लोकांना ती कल्पना आपलीच म्हणून दाखवू लागले. हे कानावर आलं तेव्हा यजमान जेवत होते. त्यांनी भाकर मोडली आणि जेवत राहिले.

मला वाटलं होतं, खरं बोलून आल्यावर ते मोकळे होतील. तसं झालं नाही. एकदा मला म्हणाले, "माफी मागाले मले एवढासा येळ नाही लागला. खरं बोलाले उन्हाळा यावा लागला."

पुढे त्यांना सरकारी नोकरी लागली आणि आम्ही अमरावतीला आलो. काही वर्षांनी ऐकलं, अकोल्याच्या खाऱ्या पाण्यानं नळ्या आतून खाल्ल्या आणि ते पत्रे उतरवून भंगारात गेले. मी ते यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "नळ्या जस्ताच्या मुलाम्याच्या घ्याले पायजे होत्या," आणि नळ्यांच्या किमतीवरून ठेकेदाराशी तेव्हा झालेला वाद मला सविस्तर सांगत बसले. खुर्च्यांचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.