संध्याकाळच्या कॉलेजचं टेबल

आमच्या मोठ्या जाऊबाई पदवीधर आहेत हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं. विम्याचा एजंट आला होता आणि बाईमाणसाला समजावं म्हणून एकेक शब्द मोठ्यानं, सावकाश उच्चारत होता. जाऊबाई म्हणाल्या, "जरा हळू आवाजात बोला. मी अर्थशास्त्राची बी. ए. आहे, बहिरी नाही."

घरात कॉलेज म्हटलं की ते भावजींचं, इंजिनिअरिंगचं. दिवाणखान्यात त्यांच्या वर्गाचा फोटो, कपाटात कॉलेजचं चिन्ह असलेला मग. त्या मगातून दुसऱ्या कोणी चहा प्यायला तर भावजी दिवसभर गप्प. जाऊबाईंचा कुठेही फोटो नव्हता. त्या दिवसा टेलिफोन खात्यात नोकरी करायच्या आणि संध्याकाळी सहापासून कॉलेज. कॉलेजला स्वतःची इमारत नव्हती. प्राथमिक शाळा सुटली की त्याच वर्गांत भरायचं. बाकं लहान मुलांची, गुडघे आत जायचे नाहीत, म्हणून सगळे आडवे बसायचे, पाय मधल्या वाटेत सोडून. पुढे शाळेला जागा हवी झाली आणि कॉलेज बंद पडलं. कोणी हळहळलंसुद्धा नाही.

आमच्या शहरात सगळ्या कॉलेजांच्या माजी विद्यार्थ्यांचा मिळून एक संघ आहे. वर्षातून एकदा मोठ्या सभागृहात संमेलन असतं. प्रत्येक कॉलेजचं एक गोल टेबल, त्यावर नावाची पाटी. एकेका कॉलेजचं नाव पुकारलं की त्यांच्यातलं कोणीतरी माइकवर दोन शब्द बोलतं आणि अख्खं टेबल उठून उभं राहतं. जाऊबाई दरवर्षी भावजींच्या टेबलावर बसायच्या. वसतिगृहातल्या त्याच त्या गोष्टी ऐकून त्यांना प्राचार्यांची सायकल कोणी लपवली हेही तोंडपाठ झालं होतं.

एका वर्षी शेजारी नवीन बसलेल्या गृहस्थांनी सहज विचारलं, "तुमचं कॉलेज कुठलं?" जाऊबाईंनी तोंड उघडायच्या आत भावजी म्हणाले, "ती आमच्याबरोबर आहे."

त्यात काही वाईट नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी जाऊबाई तडक संघाच्या चिटणिसांकडे गेल्या. मला सोबत नेलं.

चिटणीस सभ्य माणूस. आधी पाणी दिलं, मग म्हणाले, "बंद पडलेल्या कॉलेजांसाठी आपलं एक टेबल आहे की. 'इतर'."

"इतर म्हणजे?"

"म्हणजे... संकीर्ण."

"मी संकीर्ण नाही," जाऊबाई म्हणाल्या.

चिटणिसांनी चष्मा पुसला. नियम सगळ्यांना सारखा होता. टेबलाला आठ खुर्च्या. परिचयाच्या वेळी त्या भरलेल्या असल्या तर पुढच्या वर्षीपासून ते टेबल कायमचं. नसल्या तर 'इतर'मध्ये बसायचं.

"आठ माणसं आहेत का तुमच्याकडे?"

"असतील," जाऊबाई म्हणाल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "एकही नाही गं."

खरंच नव्हतं. संध्याकाळच्या कॉलेजात मैत्री करायला वेळ कोणाला होता? कामावरून धावत यायचं, तास झाले की शेवटच्या बससाठी धावत सुटायचं.

जाऊबाई आता डोळ्यांच्या दवाखान्यात नावनोंदणीला बसतात. एकदा एक उंच, पिकल्या मिशांचे गृहस्थ रांगेतल्या खुर्चीवर आडवे बसले होते, पाय वाटेत. येणारे-जाणारे अडखळत होते. जाऊबाई म्हणाल्या, "काका, पाय आत घ्या." ते ओशाळून म्हणाले, "सवय आहे हो. अख्खी पदवी असंच बसून काढली."

जाऊबाईंनी पेन खाली ठेवलं. "शाळेच्या बाकांवर?"

ते बस डेपोतून निवृत्त झालेले कंट्रोलर निघाले. त्यांच्या ओळखीत एका इस्पितळातली मेट्रन होती, तीही संध्याकाळच्या कॉलेजची. मेट्रनला छापखानेवाला माहीत होता, कारण तो तासाला तिच्या मागे बसून घोरायचा. अशी माळ लागत गेली. पण बहुतेकांचं एकच पालुपद. "आमचं कसलं कॉलेज, ताई. माजी विद्यार्थी म्हणजे वसतिगृहात राहिलेले, नाटकांत कामं केलेले. आम्ही नुसते पास झालो."

"पास तेही झाले," जाऊबाई म्हणायच्या. "त्यांनी दुसरं काय केलं?"

एका रविवारी सकाळी त्यांनी सगळ्यांना घरी चहाला बोलावलं. माणसं आली आणि परक्यासारखी एकमेकांकडे बघत बसली. शेवटी मेट्रन म्हणाली, "ओळखू कसं येणार? आपण एकमेकांना उन्हात पाहिलंय कधी?" तिनं उठून पडदे ओढले, ट्यूबलाइट लावली. छापखानेवाला तिच्याकडे बघत म्हणाला, "हां. तूच ती. माझ्या पायावर डबा पाडलेली."

त्यानंतर आमच्या दिवाणखान्यात जो गलका झाला, तो भावजींच्या मित्रांनीही कधी केला नव्हता. भावजी पेपर शोधायच्या निमित्तानं डोकावले. "तुमच्यात सहली वगैरे जायच्या का?"

"जायच्या की," मेट्रन म्हणाली. "रोज. बसस्टॉपपर्यंत."

संमेलनाच्या दिवशी जाऊबाई सगळ्यांच्या आधी पोचल्या. टेबल मिळालं होतं मागच्या दाराशी, चहाच्या पिंपाला लागून. पाटी मात्र नवीकोरी होती. जाऊबाईंनी ती पुसली, सरळ केली, परत पुसली. आणि खुर्चीत बसून वाट बघायला लागल्या.

सहा वाजले. कोणी नाही. सभागृह भरलं, स्वागत झालं, परिचय सुरू झाले. भावजींच्या कॉलेजनं सायकलीची गोष्ट सांगितली. आमच्या टेबलावर एक जाऊबाई आणि सात रिकाम्या खुर्च्या.

मी म्हटलं, "मी बसू का एकीवर? तेवढीच भरलेली दिसेल."

"नको. तू दिवसाच्या कॉलेजची."

चिटणीस आले. मेडिकलवाल्यांना खुर्च्या कमी पडत होत्या. त्यांचा स्वर इतका मऊ होता की मलाच कसंतरी झालं. पाठोपाठ भावजी आले. वाकून हळूच म्हणाले, "चल ना आमच्याकडे. जागा आहे."

"माहीत आहे," जाऊबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं तिथंच बसलेय." त्यांचा चेहरा उतरला होता, पण दोन्ही हात दोन बाजूंच्या खुर्च्यांवर घट्ट होते. मग एकदम त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, मी सगळ्यांना सहाची वेळ दिली."

"मग?" चिटणीस म्हणाले.

"सहाला आमच्यात कधी कोणी आलंय का? कामं सुटायचीच तेव्हा. पहिला तास सर भिंतींना शिकवायचे. आमच्या हाडातच मुरलंय ते. आमचं नाव शेवटी घ्या. येतील."

चिटणिसांनी घड्याळाकडे पाहिलं, मग त्या हातांकडे. ते मंचाकडे गेले आणि आमचं नाव गाळून पुढचं पुकारलं. नंतर आणखी एक. मग आणखी.

तेवढ्यात मागचं दार किलकिलं झालं. आधी मिशा आत आल्या. कंट्रोलर कंबरेत वाकून, चवड्यांवर, कुणाला दिसू नये अशा बेतानं येत होते. वर्गात उशिरा आलेला मुलगा येतो ना, तसे. त्यांच्या मागे मेट्रन, तीही वाकलेली. मागे छापखानेवाला. मग मी कधी न पाहिलेली माणसं. ज्यांना शोधलं होतं त्यांनी आणखी कोणाकोणाला शोधून आणलं होतं. सगळी वाकून, चपलांचा आवाज न करता. सभागृहात माना वळायला लागल्या. आठ खुर्च्या केव्हाच भरल्या आणि माणसं भिंतीला टेकून उभी राहायला लागली.

पलीकडून भावजी स्वतःची खुर्ची डोक्यावर घेऊन आले. ती मेट्रनच्या मागे टेकवली आणि दुसरी आणायला गेले. त्यांचं बघून त्यांचे मित्रही उठले.

शेवटी संध्याकाळच्या कॉलेजचं नाव पुकारलं गेलं आणि जाऊबाई माइककडे गेल्या. माइक त्यांना उंच होत होता, त्यांनी तो खाली ओढला. "आमचं कॉलेज आता नाही. इमारत तर तेव्हाही नव्हती," त्या म्हणाल्या. "वसतिगृह नाही, त्यामुळे सांगायला गोष्टीही नाहीत. दिवसभर काम करून आम्ही शिकलो. तेव्हा एकमेकांची नावं विचारायची राहून गेली, ती आता विचारतोय. आम्ही एवढे आहोत."

मागची सगळी माणसं ताठ उभी राहिली. टाळ्या आधी मेडिकलच्या टेबलाकडून आल्या, मग चहूकडून. चिटणीस स्वतः टाळ्या वाजवत होते आणि मधेच हात उंचावून कोणालातरी खूण करत होते की यांना आणखी एक टेबल लावा.

कार्यक्रम संपला. माणसं पांगली, सभागृहवाले खुर्च्यांची चळत रचायला लागले, तरी ती दोन टेबलं हलेनात. भावजी जाऊबाईंची पर्स हातात धरून बराच वेळ उभे होते. शेवटी जवळ जाऊन म्हणाले, "निघायचं का? जेवायचंय अजून."

जाऊबाईंनी मान वळवली, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं हसल्या. "तुम्ही व्हा पुढे. फ्रिजमध्ये भाजी आहे, गरम करून घ्या. मी मेट्रनच्या गाडीनं येते." पर्स घेतली आणि पुन्हा गप्पांत बुडाल्या.

पायऱ्या उतरताना भावजींनी मला विचारलं, "भाजी कुठल्या डब्यात असते गं?"