गर्नाल मामी आणि चवथीचं वजें

माझी मामी दार कधी हाताने उघडत नसे. दाराला लाथ, भांड्याला चापट, मांजराला केरसुणी, मामाला शिवी आणि मला हाताशी येईल ते, असा तिचा दिवस सुरू व्हायचा. सगळं चोपडे गाव तिला 'गर्नाल' म्हणायचं. जत्रेत पालखी निघताना देवळामागे कानठळ्या बसवणारा जो बार उडवतात, तो गर्नाल. हे नाव तिला लग्न होऊन आली त्याच वर्षी पडलं. नदीच्या वाटेवर कुणा रेतीवाल्याने तिला अडवून काहीबाही बोलून दाखवलं, तेव्हा तिने डोक्यावरची बांगडे भरलेली मासळीची पाटी त्याच्या तोंडावर उपडी केली आणि मग तीच पाटी त्याच्या डोक्यात घातली. त्या माणसाला टाके पडले. मामीला वाईट वाटलं ते पाटी मोडल्याचं.

"मारल्याबगर कितें मऊ जायना" हे तिचं ब्रह्मवाक्य. आंबाडे ठेचल्याशिवाय त्यांची आमटी होत नाही, पीठ तिंबल्याशिवाय पोळी होत नाही आणि पोर ठोकल्याशिवाय माणूस होत नाही, या तिन्ही गोष्टी ती एकाच दमात सांगायची. जिवंत चोणक पाटावर उसळ्या मारू लागला की वरवंट्याचा एक घाव बसायचा आणि रक्ताचे थेंब थेट माझ्या लॅपटॉपवर यायचे. मी कुरकुर केली तर म्हणायची, "पूस आनी गप बस. माशाचें रगत बाधना."

लॅपटॉप तिच्या स्वयंपाकघरात कसा, ते सांगायला हवं. मी मुळगावचा. डिचोलीजवळच्या ज्या कारखान्यात कामाला होतो तो बंद पडला आणि मी घरी बसलो. मुळगावात जो भेटेल तो "आतां कितें?" विचारायचा, म्हणून मी चोपड्याला मामाकडे पळालो आणि ब्लॉग लिहायला घेतला. त्यात काय नव्हतं! समुद्रकिनारे, नवे मोबाइल, क्रिकेट, केस गळण्यावर उपाय, मयेचं तळं. तो वाचायचे दोघेच, मी आणि मामीची एकुलती मुलगी सुमन. ती मयेला दिलेली होती, आणि भावावरच्या मायेने ती सगळं वाचायची. ऑनलाइन मार्केटिंगचा एक वर्ग मी मोबाइलवर केला, त्यातले सर सतत बजावायचे, की आधी नीश निवडा, म्हणजे आपला एकच नेमका विषय धरा आणि त्याला चिकटून राहा. मी रोज एक विषय धरत होतो आणि संध्याकाळपर्यंत सोडत होतो. मामा गरीब माणूस, तो फक्त विचारायचा, "मेळ्ळो काय रे विषय?" जणू माझी बैलजोडी हरवली होती.

विषय सापडला तो मामीच्या मारामारीतून. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली होती. आमच्याकडे लेकीच्या सासरी चवथीला वजें जातं. वजें म्हणजे ओझं: लाडू, नेवऱ्या, खाजं, केळ्यांचे घड, नारळ. ते सासरी पोचलं की वाड्यावर, म्हणजे सगळ्या वस्तीत, घरोघर वाटतात, आणि सुनेच्या माहेरची पत त्यावरून ठरते. शेजारच्या बाईने लेकीच्या वज्यासाठी दुकानातले खोक्यातले लाडू आणलेले मामीने पाहिले. तिने त्यातला एक उचलला आणि सरळ अंगणाच्या दगडी गडग्यावर फेकून मारला. तो फुटला नाही. "पळय! हो लाडू काय धोंडो? सासूच्या दांतांक मारपाक धाडटा काय गो?" पुढचा अर्धा तास ती शेजारणीच्या अंगणात गरजत होती आणि मी मोबाइलवर टिपत होतो. ते चित्रण मी ब्लॉगवर टाकलं, आणि उजाडेपर्यंत ते पेडण्यापासून काणकोणापर्यंत फिरलं. मी ठरवून टाकलं, आपला विषय वजें. दुसरं काही म्हणजे काही नाही.

त्यानंतर आमचं स्वयंपाकघर म्हणजे रणांगण झालं. खाज्याचा पाक, नेवरीची मुरड, पेडण्याच्या वज्यात काय जातं आणि डिचोलीकडे काय मागतात, सगळं मी लिहायचो आणि मामी करून दाखवायची. कुणी कळवळून विचारलं, की साखरेऐवजी गूळ चालेल का, तर ती कॅमेऱ्यावर झारा उगारून म्हणायची, "तुज्या चेडवाच्या सासूक विचार. माका कित्याक?" लेकीला चेडूं म्हणणारी तिची ही भाषा लोकांना फार आवडे. दूरदेशी गेलेल्या गोवेकर बायका तिच्या शिव्या ऐकून रडल्याचं कळवत. जाहिराती येऊ लागल्या. मामी मला पहिल्यांदाच पाठीत गुद्दा न घालता चहा द्यायला लागली.

सुमनबद्दल लिहायला हात धजत नाही, पण तिच्याशिवाय मामी सांगता येत नाही. दुसऱ्या वर्षी चवथीच्या आधी ती माहेरी आली तेव्हा तिच्या डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं. "माटोळीचो बांबू लागलो," म्हणाली. माटोळी म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगायची चौकट. गळ्यावर बोटांचे वळ होते. बांबूला बोटं नसतात, असं मी मामीला म्हटलं, तर लाटणं माझ्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आपटलं. "जांवयाचें नांव घेतलंस तर जीब ओडून काडीन!"

मामीला दिसत नव्हतं असं नाही. तिला ते सगळं वज्यात दिसत होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी मामा आजारी, हात आखडता, तेव्हा सुमनचं वजें वाड्यावर वाटायला पुरलं नव्हतं. "थंयच्यान सुरू जालां," ती माझ्यापाशी एकदा बोलून गेली. "आमचें उणें पडलें. वजें बरें गेलें काय चेडवाक मान मेळटा." मग दर खेपेला सुमन मार खाऊन आली की मामी तिला आणखी मोठ्या वज्यासह परत पाठवायची. ब्लॉगवर ज्याची वाहवा व्हायची ते लाडवांचे डोंगर या समजुतीतून उभे राहत होते. त्या वर्षी तर मामी सलग रात्री जागून राबली, हाताला तेलाचे फोड आले, तरी खाजं वळतच होती. टेम्पो भरून निघाला. मी फोटो काढू लागलो तेव्हा सुमन पदराने गळा झाकून घेत म्हणाली, "दादा, माका फोटोंत घेव नाका." मी नुसत्या वज्याचा फोटो घेतला. आमच्या ब्लॉगवर सर्वांत जास्त पाहिला गेलेला फोटो तो.

चवथीचं विसर्जन होऊन गेलं आणि मयेहून सुमनच्या एका शेजारणीचा फोन आला. सुमनला इस्पितळात नेलं होतं. जबडा मोडला होता, डाव्या कानाचा पडदा फाटला होता. नवऱ्याने हाताशी आला तो नारळ फेकून मारला होता. नारळ वज्यातला होता, मामीने स्वतः सोलून, शेंडी ठेवून, कुंकू लावलेला. कशावरून मारलं हे कुणी विचारलं नाही, कारण त्याला कधी कारण लागत नसे.

इस्पितळात मामीने लेकीच्या तोंडावरची पट्टी पाहिली आणि शिवी न घालता पदर खोचून ती दाराकडे वळली. मला तिची भीती पहिल्यांदा तेव्हा वाटली. तिथून आम्ही थेट मयेला गेलो, मामी, मामा आणि मी. जावई सोप्यावर पाय पसरून बसला होता. मामी त्याच्यासमोरून आत गेली आणि हातात मुसळ घेऊन बाहेर आली. पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला, दुसरा गुडघ्यावर. हाड वाजलेलं मी ऐकलं. तो ओरडत अंगणात पडला, त्याची आई "मेलो गे, मेलो" करत धावली, तिला मामीने एका हाताने बाजूला सारलं. मग ती आत जाऊन वज्याचे उरलेले डबे बाहेर भिरकावू लागली. लाडू, खाजं, काचेच्या बरण्या, केळ्यांचा अर्धा घड, सगळं अंगणात फुटत होतं. वाड्यावरच्या बायका आपापल्या जनेलात, खिडकीच्या चौकटीत, उभ्या होत्या. त्यांच्या पोटात त्याच वज्यातले लाडू होते. मी मामीला आवरायला धावलो तर कुणीतरी माझं मनगट घट्ट धरलं. तो मामा होता. आयुष्यभर शिव्या खाल्लेला तो माणूस हात सोडत नव्हता. "मारूं दी," म्हणाला.

पोलीस आले तेव्हा मामी अंगणात बसून काचेने कापलेला तळहात पदराला पुसत होती. "माका धरात," ती म्हणाली. "पूण पयली माज्या चेडवाची तक्रार बरयात. मागीर माजी." दोन्ही तक्रारी लिहिल्या गेल्या. जावयाचा पाय पुढे लंगडाच राहिला. मी कोर्टकचेऱ्यांचं चऱ्हाट इथे लावत नाही. सुमन चोपड्याला आली ती कायमची.

घरी आल्यावर मामीने मला मोबाइल लावायला सांगितला. तळहाताला पट्टी, केस तसेच विस्कटलेले. समोर ना कढई, ना झारा. "वजें धाडपी आवयांनो, आयकात," ती सगळ्या आयांना म्हणाली. "माज्या चेडवाक मारूंक नारळ जांवयान हाडूंक ना. तो मीच धाडलो. चेडूं रडत आयलें, आनी मी तेका लाडू बांदून परत धाडलें." मग तिने मोबाइल हाताने उपडा केला. 'मारल्याबगर मऊ जायना' हे वाक्य तिच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही.

मी मार्केटिंगवाला. ते टाकण्याआधी मी म्हणालो, "मामी, लोक आपल्याकडे लाडू बघायला येतात. आपला विषय वजें आहे, तो असा मोडला तर सगळं बसेल." मोबाइल उभा करायचं तिकाटणं तिने उचललं आणि माझ्या पायांवर हाणलं. "विशय मोडूंक ना रे! वजें धाडूंक शिकयलें मीच. आतां चेडूं परत कशें हाडचें तें शिकयतां. धाडपी आवयो त्योच आसात मरे?"

पाठवणाऱ्या आयांनाच लेकी परत आणायला शिकवायचं, हे मान्य करायला मला फार दिवस लागले. आमचे वाचक भराभर गळले, जाहिराती थांबल्या. लोकांनी मामीला घरबुडवी म्हटलं, त्याहून घाण बरंच म्हटलं. एकदा भरदुपारी जनेलावर धोंडे आले आणि मामाच्या कपाळाला खोक पडली. मामी कोयता घेऊन रस्त्यावर धावली, पण मोटारसायकल निघून गेली होती. दुसरीकडे, निरोप येऊ लागले. सत्तरीतून, डिचोलीतून, पेडण्यातून, थेट दोडामार्गातून. सगळ्या आयाच. प्रत्येकीची मुलगी परत आली होती आणि प्रत्येकीला कुणीतरी सांगत होतं, की चार पदार्थ दे आणि पाठव. मामी फोनवर त्यांना आधी झाडायची, मग त्यांच्याबरोबर रडायची, मग मला म्हणायची, "गाडी काड." आम्ही जायचो. मी वाडीच्या तोंडाशी गाडी चालू ठेवून बसायचो. कधी मुलगी हाताला धरून निमूट यायची, कधी काठ्या निघायच्या. एका अंगणात मामीचा पुढचा दात पडला. गाडीत बसल्यावर रक्त थुंकून, मागे बसलेल्या मुलीकडे बघून ती म्हणाली, "दांत गेलो, चेडूं आयलें. बरें जालें." त्या दिवशी मी गाडी चालवत रडत होतो आणि तिने त्याबद्दलही मला एक ठोसा दिला.

मामी यंदा शिमग्यानंतर गेली. मारामारीत नाही. तुळशीला पाणी घालताना खाली बसली ती उठलीच नाही. इतकं आवाजी माणूस इतकं गुपचूप गेलं याचा मला अजून राग येतो. घर गप्प झालं. सुमन तर आधीच गप्प. मोडलेला जबडा जुळल्यापासून ती अगदी हळू, तोंड फारसं न उघडता बोलायची. आईच्या फोनला ती कधी हात लावत नसे. आवयसारखें बोलूंक माका जमना, म्हणायची.

सुतक चालू होतं. दुपारी जेवणं उरकली आणि मामीचा फोन वाजला. मी उचलला. डिचोलीकडची एक बाई बोलत होती, आवाज दबलेला. मुलगी दोन दिवसांपूर्वी घरी आली होती, पाठ फोडलेली. आता जावई न्यायला आला होता, बाहेर सोप्यावर बसला होता, आणि मुलगी आतल्या खोलीत कडी लावून बसली होती. घरातले म्हणत होते, पाठवून दे. मामींना फोन द्या, म्हणाली.

मी काही बोलायच्या आत सुमनने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि उजव्या कानाला लावला. "आवय आतां ना," ती म्हणाली. "मी तिचें चेडूं. जांवयाक चाय दिली?"

पलीकडून बहुधा हो आलं.

"आनी चाय दिवं नाका. चेडवाक सांग, कडी काडूं नाका. आमी येतांव." तिचा आवाज मोठा नव्हता, पण मामा कपाळावरचा हात काढून तिच्याकडे बघू लागला.

ती चपला पायात सरकवत होती. मामा उठला. "अगो, सुतक आसा. लोकांच्या घरांत पावल कशें घालतलंय?"

"घरांत पावल घालिना बाबा," सुमन म्हणाली. "घरांतल्यान भायर हाडटां."

मी गाडी काढली.