मॅडमचं बोलणं
मिसरोदला आमच्या घराखाली लेथचं वर्कशॉप आहे. तापलेल्या लोखंडावरच्या तेलाचा वास वर आला, की मंडीदीपचा तो कारखाना आठवतो, जिथे मी नुकतीच इंजिनिअर म्हणून लागले होते. आमच्या सेक्शनच्या मॅडम नागपूरच्या. लेथवर लोखंड कातणारा, नागपूरचाच एक जुना टर्नर सकाळी पिऊन येऊ लागला होता. मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावून सरळ सांगितलं, ‘भाऊ, एखाद्या दिवशी हात जाईल तुमचा. आजपासून लेथ मिळणार नाही.’ त्याने टेबलावरचा लोखंडी पाना उचलून भिरकावला. मॅडमची भुवई फाटली, मागची काच खळकन फुटली. बाहेरचे कामगार धावत आले. त्यांनी त्याला फरफटत बाहेर नेऊन खाली पाडलं आणि लाथांनी तुडवायला सुरुवात केली. त्याच्या तोंडातून रक्त आलं तरी कुणी थांबेना. मी भिंतीला चिकटून उभी होते. तेवढ्यात मॅडम बाहेर आल्या, एक डोळा रक्ताने भरलेला. ‘सोडा त्याला! माझं बोलणं अर्धं राहिलंय.’ त्यांनी त्याला आत नेऊन खुर्चीवर बसवलं आणि भुवईवर रुमाल दाबून धरला. ‘पाना मारलात, त्याची तक्रार मी करणारच. लेथही विसरा. पण दारू सोडून आलात, तर स्टोअरमध्ये घ्या म्हणून मी स्वतः भांडेन.’ तो ओक्साबोक्शी रडला. पुढे तो निलंबित झाला, काही महिन्यांनी स्टोअरमध्ये परतलाही. परवा मला माझ्या हाताखालच्या एकाला कामावरून काढल्याचं सांगायचं होतं. मी दार लावून समोर बसले. सगळं मीच सांगितलं, अर्धं न ठेवता.