गिरणीतल्या काट्यावर

लग्नाला सहा वर्षं झाली, पोर नाही, आणि सगळा दोष माझ्या अंगावरच्या चरबीचा. एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट. पौडच्या डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "वजन उतरवा, मग बघू." सासूने त्याला आपलं शेपूट जोडलं, "न्हाई उतरलं तर दुसरी आणू." शेजारणींसमोर बोलली. नवरा मान खाली घालून बिडी ओढत होता.

भात सोडला. मुळशीत भात सोडणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना नाही कळायचं. घरात आंबेमोहर शिजायचा, वास आळीभर जायचा, आणि मी चतकोर भाकरी घेऊन बसायची. वजन करायला आमच्या उरवड्यात काटा एकच, भाताच्या गिरणीतला, पोती मोजायचा. दुपारी जायची, तरी तिथं दोन-चार रिकामटेकडे असायचेच. पहिल्यांदा भराभर उतरलं. पोलकी सैल झाली. वाटलं, सुटले एकदाची.

मग काटा अडला तो अडलाच. पोटाला तेच चिमटे, विहिरीवरून तेच हंडे, आणि काटा ढिम्म. गिरणीवाला म्हणायचा, "वैनी, पोतं आजबी तेवढंच हाय." बसलेले दात काढायचे. घरी येऊन रडायची. वाटायचं, मरू दे, ओरपावा पातेलंभर भात आणि आणू दे दुसरी! पण दुसरी आली की माझं अंथरूण गोठ्याशेजारी, हे ठाऊक होतं. त्या भीतीनेच सकाळी पुन्हा उठायची. हुरूप वगैरे काही नव्हता मेला.

सासूने उपाय काढला, उपास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, पोरासाठी देवाला बोललेले. आणि उपासाला काय? कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, तूप सोडलेला वरईचा भात, गुळातली रताळी. उपासाचं खाल्लं म्हणजे आम्हा बायकांच्या लेखी खाल्लंच नाही! डॉक्टरीणबाईंनी ऐकून कपाळाला हात लावला. "अहो, त्यापेक्षा जेवा चार घास!" सासू म्हणाली, "बोललेला उपास मोडायचा न्हाई." मग मी ते नुसत्या पाण्यावर काढले. चूल फुंकताना घेरी यायची. पण काटा हलला, आणि हवं तेवढं वजन उतरलं.

बाई म्हणाल्या, "तुमच्यात काही दोष दिसत नाही. आता यजमानांना आणा, त्यांची तपासणी करू." घरी सांगितलं, तर नवऱ्याने भरलं ताट ढकललं. "माज्यात काय खोट हाय? आं? मर्द हाय मी!" आणि तुळशीचं लग्न झाल्यावर दुसरी आणलीच. जीव जाळून उतरवलेलं माझं वजन कुणी विचारलंसुद्धा नाही.

दुसरी जवळच्याच चांदे गावची, विशीतली, काडीसारखी. दोन वर्षं गेली, तिलाही दिवस राहीनात. एके दुपारी जेवताना सासूने तिच्या भातावर तुपाची वाटी ओतली. "अंगावर मास न्हाई तुज्या, पोर कसं ऱ्हाईल? खा, वजन वाढव." नवरा शेजारीच बसून आमटीचे भुरके मारत होता. पोरगी रडवेली होऊन माझ्याकडे बघायला लागली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

म्हटलं, "खा बाई. मला वाळीवलं, आता तुला फुगवत्यात. ह्यो मातुर हाय तसाच जेवतोय."