मी काम बंद केल्याची बातमी

सोमवार, सकाळी दहा. हजर: मी आणि चार वर्षं माझ्याबरोबर ऑनलाइन लेखनाची कामं करणारी मैत्रीण. आठवड्याचे लेख वाटून घेत होतो, तेवढ्यात आजऱ्याच्या माझ्या काजूवाल्या गिऱ्हाइकाचा फोन आला.

"ताई, काम बंद केलंय म्हणं? आम्हाला सांगायचं न्हाय व्हय? तुमची मैत्रीणच म्हणाली की, आता तीच लिहिणार हाय."

फोन ठेवून मी तिच्याकडे पाहिलं.

"तुझा ताण कमी व्हावा म्हणून गं," ती म्हणाली.

मी आजारी पडले तर काम अडू नये, म्हणून माझ्या अकराही गिऱ्हाइकांचे नंबर आणि आवडीनिवडी मीच तिला लिहून दिल्या होत्या. आता त्या अकरा जणांना खरं कळवायचं आहे. पण ती खोटं बोलली, हे म्हणायला जीभ रेटत नाही. अजून एकही फोन झालेला नाही.