खातू सरांच्या वहीचे उजवे पान

आदरणीय विश्राम खातू सर आमच्या छापखान्यात पहिल्यांदा आले ते मे महिन्यात, भर दुपारी. हातात कापडी पिशवी, पिशवीत नऊ जाड वह्या. छापखान्यात लग्नपत्रिकांची घाई चालू होती आणि पंखा बंद पडला होता. सरांनी घाम पुसला, पहिली वही माझ्यासमोर उघडली आणि विचारले, "तुम्ही कुठून येता?"

"करंजाड्याहून."

"आज तिकडे हवा कशी आहे?"

"गरम," मी म्हणालो.

"गरम इथेही आहे. तिकडची कशी गरम आहे?"

मला सांगता आले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र घरातून निघताना मी दारात थोडा थांबलो, आणि छापखान्यात सर आल्यावर सांगितले की खाडीकडून वारा होता, अंग चिकट होत होते, पण सावलीत बरे वाटत होते. सरांनी ते एका छोट्या डायरीत टिपून घेतले. मी सांगितलेले एखादे वाक्य कोणी लिहून घेण्याची ती माझी पहिलीच वेळ होती.

सरांच्या सत्कारानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात लिहिणारे बहुतेक जण सरांचे विद्यार्थी आहेत. मी त्यांच्या वर्गात कधी बसलो नाही. बारावीत नापास झालो आणि अक्षरजुळणीच्या कामाला लागलो. समितीने लेख मागितला तेव्हा म्हणूनच आधी नकार दिला होता. नंतर वाटले, सरांच्या पुस्तकाचे प्रत्येक अक्षर आपण जुळवले आहे, तर त्याविषयी आपणच सांगितले पाहिजे. पुढे सरांच्या आजारपणाचा उल्लेख येणार आहे. तो काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, विचारून करत आहे. त्या म्हणाल्या, "लिही. लोक सत्काराला येतील, ह्यांना काहीतरी विचारतील आणि गोंधळतील. त्यापेक्षा आधी कळलेलं बरं."

वह्यांविषयी सांगायला हवे. सरांनी शाळेत पस्तीस वर्षे भूगोल शिकवला आणि त्या काळात उत्तरेकडच्या थंड प्रदेशांची तुलना करणारे हे लेखन केले. डाव्या पानावर एक प्रदेश, उजव्या पानावर त्याच अक्षांशाच्या आसपासचा दुसरा. डावीकडे नॉर्वेचा किनारा, जिथे समुद्रातल्या उबदार प्रवाहामुळे भर हिवाळ्यातही बंदरे गोठत नाहीत. उजवीकडे सायबेरियाचा आतला भाग, जिथे बाजारात दूध गोठलेल्या चकत्यांच्या रूपात विकायला येते आणि घरे खांबांवर उभी असतात, कारण घराच्या उबेने खालची गोठलेली जमीन वितळली तर घरच खचेल. सर स्वतः तिकडे कधी गेले नाहीत. त्यांनी आयुष्यात बर्फ पडताना पाहिलेला नाही. पुस्तकांखेरीज त्यांची भिस्त होती ती जहाजावर नोकरीला गेलेल्या विद्यार्थ्यांवर. निघण्यापूर्वी पाया पडायला आलेल्या विद्यार्थ्याच्या हातात सर प्रश्नांचा कागद देत. बाहेरचे दार आत उघडते की बाहेर? लहान मुलांना दुपारी कुठे निजवतात? पाहुणा आला की आधी काय देतात? पुढे पत्रे येत. जिथे बर्फ फार साचतो तिथे दार आत उघडते, नाहीतर माणूस घरातच अडकेल, हे मला त्या वह्यांतून कळले. त्या दिवशी घरी जाऊन मी आमचे दार कसे उघडते ते पाहिले.

सरांचा एक नियम होता. डाव्या पानावर जी गोष्ट लिहिली, तिच्या समोर उजव्या पानावर तीच गोष्ट हवी. ती कोणाकडून खात्रीने कळली नसेल तर ओळ रिकामी ठेवायची. अंदाजाने भरायची नाही. वह्यांत अशा रिकाम्या ओळी पुष्कळ आहेत. जुळणी करताना मी त्या काढून टाकल्या, पाने वाचतील म्हणून. सरांनी शांतपणे प्रत्येक जागी लाल खूण करून कच्ची प्रत परत पाठवली. "तिथे काही नाही असं नाही," ते म्हणाले. "मला माहीत नाही, एवढंच आहे. वाचणाऱ्याला ते दिसलं पाहिजे."

आणखी एकदा मी मलपृष्ठासाठी हौसेने चार ओळी लिहून दिल्या. थंडीमुळे तिकडचे लोक कष्टाळू आणि अबोल होतात, असे त्यात होते. सरांनी चष्मा वर केला.

"मग इकडच्या उन्हामुळे तुमच्या आई कशा झाल्या? आळशी?"

माझी आई पहाटेपासून बाजारात सुकी मासळी विकते.

"आणि बडबडतात किती?"

"पुष्कळ," मी म्हणालो.

"मग खोडा ते. थंडी माणसाचा स्वभाव ठरवत नाही. एवढ्या थंडीत एक जण दार लावून घेतो, दुसरा शेजाऱ्याला आत बोलावतो. कोण काय करतो ते लिहायचं."

सरांनी मला कधी अरेतुरे केले नाही. कोणी घरी आले की माझी ओळख "हे माझे मुद्रितशोधक" अशी करून देत. मी नापास आहे हे मीच एकदा सांगून टाकले, कारण ते नंतर दुसऱ्या कोणाकडून कळेल याची मला भीती होती. सर म्हणाले, "बरं झालं. पास झालेले भराभर वाचतात. तुम्ही भीत भीत वाचता, तेच मला हवं आहे."

त्या भीत भीत वाचण्यानेच पुढची गोष्ट माझ्या लक्षात आली. गेल्या वर्षी सातव्या प्रकरणात माझ्या हातून दोन्ही पाने उलटी लागली. नॉर्वेच्या मथळ्याखाली सायबेरिया गेला आणि सायबेरियाखाली नॉर्वे. ती कच्ची प्रत सरांकडून परत आली तेव्हा प्रत्येक पानावर "ठीक" असे लिहून सही केलेली होती. आधीच्या सहा प्रकरणांत सरांनी स्वल्पविरामसुद्धा सोडला नव्हता. वहीशी ताडून पाहताना चूक मला दिसली. वाटले, सरांच्या नजरेतून सुटले असेल. मी लगेच त्यांच्या घरी गेलो आणि ते पान पुढे ठेवले.

सरांनी बोट धरून वाचले. "बरोबर आहे की," ते म्हणाले. "सायबेरियातलं बंदर हिवाळ्यात गोठत नाही."

"सर, ते नॉर्वेचं आहे ना?"

"असं?" ते माझ्याकडे पाहून हसले. कोणी चारचौघांत नाव विसरल्यावर हसते, तसे. "मग तुम्ही म्हणता तसं करा."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. काकू फाटकापर्यंत सोडायला आल्या. "दोन-तीन महिने झाले," त्या म्हणाल्या. "मला वाटत होतं मलाच भास होतोय. परवा चहात मीठ घातलं आणि प्यायलेसुद्धा. म्हटलं, वय झालं." मग त्यांनी फाटकाची कडी लावली, काढली, पुन्हा लावली. "पुस्तक लवकर होईल का रे? त्यांना ते आपलं आहे हे कळतंय तोवर?"

डॉक्टरांनी जे सांगितले ते इथे लिहीत नाही. त्या दिवसापासून काकूंच्या त्या प्रश्नाखेरीज माझ्या डोक्यात दुसरे काही नव्हते. मालकांनी मला छापखान्यातली इतर कामे कमी दिली, त्यांचे आभार. सात प्रकरणे वह्यांवरून पूर्ण झाली. आठवे शेवटचे होते आणि ते सरांनी अर्धेच लिहिले होते. डाव्या पानावर नॉर्वेच्या किनाऱ्यावर लाकडी मांडवांवर मासे कसे सुकवतात ते होते. उजव्या पानावर आमच्याच किनाऱ्याचा एकच मथळा होता: "उरण-पनवेलचा किनारा." खाली सगळे कोरे.

हा मथळा कसा आला ते मला ठाऊक होते. दोन वर्षांपूर्वी सर माझ्या आईला भेटायला बाजारात आले होते. त्यांनी तिला सांगितले, की तिकडे मासा मीठ न लावता, नुसत्या थंड वाऱ्यावर सुकवतात. त्यांना वाटले होते आई चकित होईल.

"त्यात काय नवल हाय, मास्तर?" आई म्हणाली. "आमचा बोंबील पन बिनमिठाचाच. दोरीवर टाकला, वारा लागला, सुकला."

"मीठ अजिबात नाही?"

"नाय. सासरा मिठागरात राबला माजा, घरात मिठाच्या गोनी. तरी बोंबलाला मीठ नाय. तुमी कवा खाल्लाव का नाय बोंबील, का नुसता लिवताव?"

सर मोठ्याने हसले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "इतकी वर्षं मी उजव्या पानासाठी लांब लांब शोधत होतो."

आता ते पान कोरे होते. मालक म्हणाले, "तुझ्या आईचंच तर आहे सगळं. लिहून टाक, कोणाला कळतंय?" मी लिहायला बसलोही. पण सरांचे पान सरांच्या माघारी मी भरणार, ही कल्पना मला सहन होईना. शेवटी एका रविवारी सकाळी मी आईलाच सरांच्या घरी घेऊन गेलो. काकूंनी पोहे केले. आईने सगळे पुन्हा सांगितले, आणि सरांनी ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकले. मिठाचे ऐकून त्यांना तसाच आनंद झाला. मग मध्येच ते म्हणाले, "दोरी कोणत्या दिशेला बांधता?"

आई थांबली. "ते कोनी इचारलाच नवता," ती म्हणाली आणि हाताने हवेत दोरी धरून दाखवू लागली. वारा आडवा लागेल अशी, म्हणजे दोन बोंबील एकमेकांना चिकटत नाहीत.

"थंडीत आणि उन्हाळ्यात दोरी तीच?"

"वारा फिरला का दोरी पन फिरवाची."

त्या अर्ध्या तासात सर पूर्वीचेच होते. मी खाली मान घालून लिहीत राहिलो. वर पाहिले असते तर लिहिणे थांबले असते. शेवटी सरांनी विचारले की पावसाळ्यात काय करता, आणि आई काही सांगणार इतक्यात त्यांनी तिलाच विचारले, "आपण कोण?"

पावसाळ्याची ओळ मी रिकामी ठेवली आहे. नंतर आईला विचारून ती भरता आली असती. पण ते उत्तर सरांपर्यंत पोहोचले नव्हते.

पुस्तक तयार झाले. सत्काराच्या दिवशी ते सर्वांच्या हाती येईल. पहिली बांधलेली प्रत मी गेल्या महिन्यात सरांना नेऊन दिली. त्यांनी ती बराच वेळ हातात धरली, वास घेतला, मग काकूंनी शेवटचे प्रकरण वाचून दाखवले. सर डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "फार चांगलं लिहिलंय. जिथे माहीत नाही तिथे जागा सोडली आहे. कोणी लिहिलं हे? त्यांना एकदा भेटायला हवं."

काकूंनी पुस्तक मिटले. "भेटू या हं," त्या म्हणाल्या.

काकूंच्या प्रश्नाला मी वेळेत उत्तर देऊ शकलो नाही, याची खंत मला राहील. मी आणखी भराभर काम करायला हवे होते, असे वाटते. भराभर केले असते तर सरांना आवडले नसते, असेही वाटते.

मी अजून दर रविवारी सरांकडे जातो. ते मला ओळखत नाहीत, पण खुर्ची पुढे करतात आणि विचारतात, "तुम्ही कुठून येता?" मी सांगतो, करंजाड्याहून. मग ते विचारतात, "आज तिकडे हवा कशी आहे?" त्यासाठी मी निघण्यापूर्वी दारात थांबून नीट पाहून घेतो. वारा कुठून आहे, आकाश कसे आहे, अंग चिकट होते का. सर लक्ष देऊन ऐकतात आणि डायरी मागतात.

सरांना उदंड आयुष्य लाभो, त्यांची प्रकृती सांभाळली जावो आणि काकूंना बळ मिळो. सरांनी आणखी पुष्कळ वर्षे मला हा प्रश्न विचारावा. दर वेळी पहिल्यांदा विचारल्यासारखा विचारला तरी चालेल. मी बघून येईन.